दहा अँटेना आणि लांडग्यांचा कळप

नागपुरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे परिसंवाद ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना पुढचा शोधनिबंध ओळखीचा वाटेल. दहा किंवा सोळा अँटेनांची एक सरळ रांग घ्यायची. तिच्यावर लांडगा, देवमासा, वटवाघूळ किंवा काजवा यांपैकी एकाच्या नावाचा अल्गोरिदम चालवायचा. शेवटी एक तक्ता, तक्त्याच्या तळाशी ठळक अक्षरांत ‘प्रस्तावित पद्धत’, आणि तिचा आकडा वरच्या सगळ्यांपेक्षा पाव-अर्धा डेसिबल सरस. मग टाळ्या, प्रमाणपत्र, चहा.

या कामावर टीका झाली की जे समर्थन पुढे येतं, ते मध्यंतरी एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या तोंडून सविस्तर ऐकायला मिळालं. नाव सांगण्याचं कारण नाही, कारण मत एकट्या त्यांचं नाही. त्यांचं म्हणणं असं, की निसर्गाकडून शिकलेल्या अल्गोरिदमांनी अँटेना ॲरेची जुनी सूत्रं कालबाह्य केली आहेत. नवा अल्गोरिदम लावून जुन्यापेक्षा चांगला आकडा काढणं हेच आजचं संशोधन. आणि विदर्भातल्या महाविद्यालयांकडे अँटेना मोजायला ॲनेकोइक चेंबर, म्हणजे लहरींचं परावर्तन शोषणारी खोली, नाही, तेव्हा संगणकावर जे होतं तेच आमचं काम, त्याला नावं ठेवणं म्हणजे गरिबाची थट्टा. शेवटचा मुद्दा मनाला लागतो, आणि नेमका त्याच्या आडून पहिले दोन सुटून जातात. मला तिन्ही मान्य नाहीत.

विषयाची ओळख नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. अनेक अँटेना ठरावीक अंतरावर मांडून (यालाच ॲरे म्हणतात) प्रत्येकीला कमी-जास्त ताकदीचा, जरा पुढे-मागे सरकवलेला, म्हणजे वेगळ्या फेजचा, संकेत दिला की त्यांच्या लहरी एका दिशेला एकमेकींना साथ देतात आणि बाकी दिशांना एकमेकींना खोडतात. जिकडे साथ, तिकडे मुख्य झोत. खोडाखोड मात्र कधीच पूर्ण होत नाही. बाजूला छोटे झोत उरतात, त्यांना साइडलोब म्हणतात. रडारला हे भलत्या दिशेचे ढग दाखवतात, रेडिओ दुर्बिणीला नसलेला तारा. सगळ्या अँटेनांना सारखी ताकद दिली तर सर्वांत मोठा साइडलोब मुख्य झोताच्या साधारण 13 डेसिबल खाली, म्हणजे विसाव्या हिश्शाएवढा असतो. टोकाच्या अँटेनांची ताकद कमी केली की तो आणखी दबतो, पण मुख्य झोत रुंदावतो. एक मिळवायचं तर दुसरं थोडं सोडावं लागतं, आणि किती सोडायचं हाच रचनेचा प्रश्न.

आता ‘कालबाह्य’ सूत्रांकडे वळू. 1946 साली, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या शोधाच्या आदल्या वर्षी, सी. एल. डॉल्फ या अमेरिकी गणितज्ञाने याच देवाणघेवाणीचं उत्तर काढलं. एकोणिसाव्या शतकातल्या चेबिशेव्ह या रशियन गणितज्ञाच्या बहुपदी त्याने अँटेनांच्या रांगेला लावल्या आणि सिद्ध केलं, की अर्ध्या तरंगलांबीच्या अंतरावर मांडलेल्या रांगेत साइडलोब अमुक पातळीच्या खाली हवेत असं ठरवलं, तर मुख्य झोत याहून अरुंद करताच येत नाही. ‘सापडला नाही’ असं नव्हे, करताच येत नाही. दहा अँटेनांसाठी हा हिशेब कागद-पेन्सिलीने एका दुपारी होतो.

म्हणून दहा अँटेनांची समान अंतराची रांग घेऊन, केवळ ताकदी बदलून, आपला अल्गोरिदम डॉल्फपेक्षा सरस ठरला असं कुणी सांगू लागलं, तर आधी त्याच्या मुख्य झोताची रुंदी पाहावी. बहुतेक वेळा तो गुपचूप रुंदावलेला असतो आणि तक्त्यात रुंदीचा रकानाच नसतो. किंवा अँटेनांमधलं अंतर बदललेलं असतं, म्हणजे प्रश्नच दुसरा असतो. दोन्ही नसेल तर प्रोग्रॅममध्ये चूक आहे. आणि अल्गोरिदम डॉल्फच्या बरोबरीला आला, तर हजारो फेऱ्या खर्चून 1946 चं उत्तर पुन्हा मिळालं, याला संशोधन म्हणायचं कसं? बरेच निबंध ही अडचण सोप्या रीतीने टाळतात. तुलना डॉल्फशी करतच नाहीत. सारख्या ताकदीच्या रांगेशी करतात, नाहीतर दुसऱ्या एखाद्या प्राण्याशी. याला आमच्याकडे फोकनाड म्हणतात.

प्रश्न दहा अँटेनांच्या सरळ रांगेपलीकडे गेला, तरी सूत्रांचा जमाना संपत नाही. जागा ठरलेल्या आहेत, रांग वाकडी-तिकडी आहे, एका विशिष्ट दिशेला अजिबात ताकद जायला नको, अशा अटी असतील तर डॉल्फ पुरत नाही. पण 1997 मध्ये लब्रे आणि बॉइड यांनी दाखवून दिलं, की अशा प्रश्नांचा फार मोठा वर्ग कॉन्व्हेक्स आहे. कॉन्व्हेक्स प्रश्नात फसवी खिंड नसते; उतरत गेलात की तळच लागतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सोडवणारा प्रोग्रॅम उत्तरासोबत दाखलाही देतो: याहून चांगलं उत्तर अस्तित्वात नाही. लांडग्यांच्या कळपाने कितीही चांगलं उत्तर आणलं तरी हा दाखला तो देऊ शकत नाही. पन्नास वेळा प्रोग्रॅम चालवून सरासरी काढली म्हणजे दाखला होत नाही. कॉन्व्हेक्स प्रश्नावर प्राण्यांचे अल्गोरिदम चालवणाऱ्या निबंधाला परीक्षकाने पहिल्याच पानावर थांबवायला हवं.

प्रत्यक्षात काय वापरतात, याचं उदाहरण डोक्यावरच आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये एअरटेलने 5जी सुरू केलं, तेव्हा पहिल्या आठ शहरांत नागपूर होतं. मनोऱ्यांवर आले ते चपटे फलक. अशा फलकात 64 प्रेषक-ग्राहक साखळ्या असणं ही नेहमीची गोष्ट. तुमचा फोन एक ओळखीचा संकेत पाठवतो, फलक तो प्रत्येक अँटेनेवर मोजतो आणि त्यावरून झोत कुणाकडे वळवायचा याचा हिशेब मिलिसेकंदांत करतो. हा हिशेब मॅट्रिक्सचा असतो, साध्या रेषीय बीजगणिताचा. हजार फेऱ्यांच्या शिकारीला तिथे वेळ नाही. आंध्रातल्या गडंकीला वातावरणाचा वेध घेणारं जे मोठं रडार आहे, तेही पाहा. मुंबईच्या ‘समीर’ या संस्थेने ते उभं केलं. मूळ रचनेत 1024 यागी अँटेना, 32 प्रेषक, प्रत्येकामागे 32 अँटेनांची एक ओळ. हे प्रेषक सारख्या ताकदीचे नव्हते. मधले जोरदार, कडेचे हलके, साधारण 120 किलोवॅटपासून 20 किलोवॅटपर्यंत. ही उतरण टेलर नावाच्या इंजिनियरने 1955 मध्ये दिलेल्या सूत्राची, थोडी सुधारलेली. कालबाह्य सूत्र अडीच मेगावॅटने आकाशात जात होतं.

आता त्या पाव-अर्ध्या डेसिबलकडे. समजा 2.4 गिगाहर्ट्झच्या दहा पॅच अँटेना एफआर-4 च्या हिरव्या फलकावर काढल्या. हवेत तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटर. फलकावरच्या तांब्याच्या पट्टीत लहर आखडते, सुमारे 69 मिलिमीटरची होते. म्हणजे पट्टीची लांबी एका मिलिमीटरने चुकली की त्या अँटेनेचा फेज पाच अंशांनी सरकला. एक मिलिमीटर म्हणजे कनेक्टरला डाग देताना कथिलाचा जरा मोठा थेंब. दहाही अँटेनांत पाच अंशांची अशी बेशिस्त चूक असेल, तर नुसत्या चुकीतून उठणारा साइडलोब सरासरीने मुख्य झोताच्या 31 डेसिबल खाली असतो. हिशेब साधा आहे: पाच अंश म्हणजे 0.087 रेडियन, त्याचा वर्ग 0.0076, भागिले दहा. निबंधात साइडलोब 40 डेसिबल खाली दाखवलेला असतो, दशांशानंतर दोन आकडे देऊन. कथिलाच्या थेंबाने तो पुसून टाकला, दशांशासकट. शिवाय एफआर-4 हे स्वस्त फलकाचं साहित्य. त्याचा परावैद्युतांक, म्हणजे लहर किती आखडेल हे ठरवणारा गुणधर्म, प्रत्येक लॉटमध्ये थोडा वेगळा येतो.

आणि यात अँटेनांचा एकमेकींवर होणारा परिणाम धरलेलाच नाही. निबंधातल्या अँटेना बिंदू असतात, सगळ्या दिशांना सारखं सोडणारे, शेजारणीची दखल न घेणारे. अशी अँटेना बाजारात मिळत नाही, निसर्गातही नाही. खऱ्या रांगेत प्रत्येक पॅच शेजारच्याची ताकद थोडी शोषतो, थोडी परत सोडतो. टोकाच्या पॅचला एकीकडे शेजारीच नसतो, म्हणून तो वेगळा वागतो. शंभर अँटेनांच्या रांगेत टोकाचे थोडे, मधले पुष्कळ. दहाच्या रांगेत जवळजवळ सगळेच टोकाच्या आसपास. म्हणजे ज्या लहान रांगेवर हे निबंध निघतात, तिथेच बिंदूंचं गृहीतक सर्वांत लंगडं.

तरीही ‘हे सगळं कागदी खेळणं, बंद करा’ म्हणणाऱ्या जुन्या अनुभवी मंडळींच्या बाजूला मी नाही. अशी मंडळीही आहेत. त्यांना कुठलाही अल्गोरिदम म्हणजे पोरांचं खूळ वाटतं. रँडी हॉप्ट यांनी 1994 मध्ये जे केलं ते खूळ नव्हतं. 200 अँटेनांच्या रांगेतल्या काही बंद करायच्या, उरलेल्यांना सारखी ताकद द्यायची आणि साइडलोब 20 डेसिबलच्या खाली आणायचे. कुठल्या बंद करायच्या? दोन्ही बाजू सारख्या ठेवल्या तरी पर्याय दोनाचा शंभरावा घात, म्हणजे एकावर तीस शून्यं. इथे डॉल्फ गप्प, बंद-चालूचा प्रश्न कॉन्व्हेक्स नाही, सगळे पर्याय तपासणं अशक्य. जनुकीय अल्गोरिदमाने चांगलं उत्तर आणलं आणि ते कामाचं होतं. नासाच्या एम्स केंद्रात तर उत्क्रांतीच्या अल्गोरिदमाने एसटी-5 या तीन छोट्या उपग्रहांसाठी वाकड्यातिकड्या तारेची अँटेना घडवली. मध्येच उपग्रहांची ठरलेली कक्षा बदलली, अटी बदलल्या, तर नव्या अटींवर पुन्हा अल्गोरिदम चालवून दुसरी घडवली. मार्च 2006 मध्ये ती अवकाशात गेली. ती ॲरे नव्हती, एकटी अँटेना होती. पण आपल्या वादात तिचं महत्त्व वेगळंच आहे. ती आधी बनवली, मोजली आणि मगच उडवली.

या दोन्ही कामांत अल्गोरिदम कुठल्या प्राण्याचा, हा मुद्दाच नव्हता. प्रश्न खरा होता, सोपा मार्ग नव्हता आणि उत्तराची कसोटी बाहेर होती.

प्राण्यांविषयीही बोललं पाहिजे, कारण ‘निसर्गाकडून शिकलेले’ या शब्दांनी विद्यार्थी दिपून जातात. केनेथ सोरेन्सन यांनी 2015 मध्येच या उपमांच्या बाजारावर सडकून टीका केली होती. मग 2020 मध्ये लांडगा, काजवा आणि वटवाघूळ या तिन्ही अल्गोरिदमांत नवीन काहीच नाही, असं शीर्षकातच म्हणणारा निबंध आला. उपमा खरवडल्यावर खाली पार्टिकल स्वॉर्मसारखी 1995 पासून ठाऊक असलेली यंत्रणा निघते, असं त्याचं म्हणणं. त्याच्या लेखकांपैकी एक मार्को दोरिगो, म्हणजे मुंग्यांच्या अल्गोरिदमाचे जनक. त्यांना निसर्गाचं वावडं आहे असं कुणी म्हणणार नाही. लांडग्याच्या अल्गोरिदमाबद्दल आणखी एक गोष्ट 2019 मध्ये दाखवली गेली: तो मुळातच शून्याकडे ओढला जातो. चाचणीच्या पुष्कळ फलनांचं उत्तर नेमकं शून्यावर असतं, म्हणून तो तिथे चमकतो. उत्तर शून्यावरून थोडं सरकवलं की चमक जाते. अँटेनांच्या ताकदींचं उत्तर शून्यावर असण्याचं काहीच कारण नाही.

एक गंमत जाता जाता. या अल्गोरिदमात कळपाचा म्होरक्या ‘अल्फा’ असतो, त्याच्यामागे बीटा, डेल्टा. ही कल्पना आपल्या 1970 च्या पुस्तकातून लोकप्रिय करणारे वन्यजीवशास्त्रज्ञ डेव्हिड मीच यांनी 1999 मध्येच सांगून टाकलं, की रानातला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची पिलं. अल्फासाठी झुंजणारी टोळी नव्हे. अल्गोरिदम आला 2014 मध्ये. पेंच आणि ताडोबा उंबरठ्याशी असलेल्या शहरात तरी हे कुणी विचारायला हवं होतं.

आता मूळ मुद्दा. प्राध्यापक महोदय म्हणतात, चांगला आकडा काढणं हेच संशोधन. कुठला आकडा, हे ठरवतो कोण? पुण्याच्या उत्तरेला सुमारे 80 किलोमीटरवर, नारायणगावजवळ खोडदला, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 ताटल्या. त्यांतल्या 14 मध्यभागी सुमारे एक किलोमीटरच्या चौकात विखुरलेल्या, 16 इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर, एकमेकींपासून 25 किलोमीटरपर्यंत लांब. यांच्या 435 जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी आकाशाच्या चित्राचा एक तुकडा मोजते. आता टिम कॉर्नवेल यांनी 1988 मध्ये, म्हणजे जीएमआरटी घडत होती त्याच सुमारास, सिम्युलेटेड ॲनीलिंग या पद्धतीने विचारलं: जोड्या जास्तीत जास्त वेगवेगळ्या हव्यात, तर थोड्या अँटेना कशा मांडाव्यात? उत्तर आलं, जवळजवळ वर्तुळावर. उत्तर सुंदर होतं आणि बरोबरही. पण खोडदला वर्तुळ नाही.

स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आकाशातला पसरट, धूसर हायड्रोजन पाहायचा होता. पसरट गोष्ट पाहायला जवळजवळच्या जोड्या लागतात, म्हणून 14 ताटल्या मध्ये दाटीने बसवल्या. त्याही नीटनेटक्या ओळीत नाहीत, कारण ओळीत तेच तेच अंतर पुन्हा पुन्हा मोजलं जातं. बारकावे पाहायला लांबच्या जोड्या हव्यात, म्हणून भुजा. भुजेवरची ताटली कुठे उभी राहील हे जमीन मिळते कुठे, रस्ता जातो कुठून, यावरही ठरतं. इथे अल्गोरिदम चुकला असं कुणी म्हणणार नाही. त्याला विचारलेला प्रश्न खोडदचा नव्हता, एवढंच. खोडदचा प्रश्न घडवायला खगोलशास्त्र लागलं, तारेच्या जाळीची हलकी ताटली बांधणारं स्थापत्य लागलं, आणि जुन्नर तालुक्यातली जमीन पायी तुडवावी लागली. कसोटीचं सूत्र लिहिणं हाच रचनेचा मोठा वाटा आहे. निबंधात ते एका ओळीत येतं, ‘साइडलोब न्यूनतम करणे’, आणि का, कशासाठी, किती पुरे, याविषयी चकार शब्द नसतो.

नागपूरकरांना तर हे सांगायलाच नको. 1988 मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी नागपूरहून सुरू झाली, 1566 किलोहर्ट्झवर, 1000 किलोवॅटने. रात्री मध्यमलहरी लांब जातात. देशाच्या मधोमध बसून रात्री बोललं की चारी कोपरे ऐकतात. प्रश्न नीट मांडला की निम्मं उत्तर नकाशावर सापडतं.

राहिला चेंबरचा मुद्दा, ज्याला सहानुभूती मिळते. ॲनेकोइक चेंबर महाग आहे, खरंच आहे. पण 2.4 गिगाहर्ट्झच्या दहा पॅचची रांग साधारण 60 सेंटीमीटर लांब. तिचा झोत नीट मोजायला किती लांब उभं राहावं लागतं? लांबीच्या वर्गाची दुप्पट, भागिले तरंगलांबी: पावणेसहा मीटर. महाविद्यालयाच्या गच्चीवर तेवढी जागा असते. हा पट्टा परवानामुक्त आहे. तीन गिगाहर्ट्झपर्यंत मोजणारं हातात मावणारं व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर आता काही हजार रुपयांत येतं. लोखंडी नको, लाकडी स्टूल घ्या, त्यावर छापील कोनमापक चिकटवा, पाच-पाच अंशांनी फिरवा आणि वहीत लिहा. पाण्याच्या टाकीपासून आणि कठड्यापासून लांब राहा, परावर्तन येतं. वसतिगृहाचं वायफाय झोपलेलं असतं तेव्हा, म्हणजे पहाटे, मोजा; मे महिन्यात तर नागपुरात दुसरी वेळ परवडणारही नाही. या मोजणीत 40 डेसिबल दिसणार नाही. 13 आणि 20 यांतला फरक मात्र स्वच्छ दिसेल, आणि टोकाचा पॅच वेगळा वागतो हेही. ज्या विद्यार्थ्याने हे एकदा वहीत उतरवलं, तो पुन्हा दशांशानंतरचे दोन आकडे ठळक अक्षरांत छापणार नाही. गरिबाची थट्टा करतो कोण? मोजायला सांगणारा, की मोजण्यावाचून पदवी देणारा?

आणि खरोखर संगणकावरचंच काम करायचं असेल, तर तेही प्रामाणिकपणे करता येतं. अँटेनांच्या जागा, बंद-चालू, नुसते फेज बदलणं, काही अँटेना बिघडल्या तर उरलेल्यांनी झोत सावरणं: हे प्रश्न आजही अवघड आहेत आणि मोफत प्रोग्रॅमांवर सोडवता येतात. अटी सैल करून कॉन्व्हेक्स उत्तर काढा. ते सांगेल की याच्या पलीकडे कुणीच जाऊ शकत नाही. मग तुमचा अल्गोरिदम त्या रेषेच्या किती जवळ गेला ते दाखवा. पट्टीच्या लांबीत मिलिमीटरभर चूक टाकून उत्तर टिकतं का ते दाखवा. त्यानंतर तो लांडग्याचा आहे की मुंगीचा, याने मला काही फरक पडत नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे विषय ठरतात तेव्हा मार्गदर्शकांनी दोनच अटी घालाव्यात. समान अंतराची सरळ रांग असेल तर तक्त्याच्या पहिल्या ओळीत डॉल्फचं उत्तर, मुख्य झोताच्या रुंदीसकट. आणि अँटेना बनवली असेल तर शेवटच्या पानावर गच्चीवर मोजलेला आलेख, कसाही वेडावाकडा आला असला तरी.